एका योजनात परमाणू किती? : ललितविस्तरातील एका महासंख्येचा अभ्यास

१०,८४,७०,४९,५६,१६,००० ही संख्या शालेय पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. कोटीच्या भाषेत ती वाचायची तर एक कोटी आठ लक्ष सत्तेचाळीस हजार एकोणपन्नास कोटी, छप्पन्न लक्ष, सोळा हजार असे म्हणावे लागते. अंक मोजले तर पंधरा भरतात. ही संख्या बौद्ध संस्कृत साहित्यातील एका गुणाकाराचे उत्तर आहे आणि तो गुणाकार आठवीतील विद्यार्थ्यालाही वहीवर करता येण्याजोगा आहे. संख्या मोठी आहे एवढ्यासाठी तिचा अभ्यास करायचा नाही. तिच्या पोटात कोणते अवयव दडले आहेत ते पाहिले, की ती कुठून आली, तिचा कोणता भाग व्यवहारातला आणि कोणता चिंतनातला, हे कागदपत्राशिवाय कळते. इतिहासाच्या अभ्यासकाला अशी साधने क्वचितच मिळतात.

प्रथम ग्रंथाविषयी. ‘ललितविस्तर’ हे महायान परंपरेतील बुद्धचरित्र. तुषित लोकातून बोधिसत्त्वाच्या अवतरणापासून धम्मचक्रप्रवर्तनापर्यंतचा वृत्तान्त त्यात सत्तावीस प्रकरणांत आला आहे. या चरित्राचे चिनी भाषांतर धर्मरक्षाने इ. स. ३०८ मध्ये केले, दुसरे दिवाकराने ६८३ मध्ये. आधुनिक काळात राजेंद्रलाल मित्र यांनी कलकत्त्याहून आणि लेफमन यांनी जर्मनीतून त्याचा संस्कृत पाठ प्रसिद्ध केला. पुढे १९५८ मध्ये आपल्या महाराष्ट्रातील पंडित प. ल. वैद्य यांनी दरभंग्याच्या मिथिला विद्यापीठासाठी तो संपादित केला.

या ग्रंथाचे बारावे प्रकरण ‘शिल्पसंदर्शन’ या नावाचे आहे. राजपुत्र सिद्धार्थासाठी दंडपाणी शाक्याची कन्या गोपा हिला मागणी घातली जाते. दंडपाणी म्हणतो, आमच्या कुळाची रीत अशी की कलाकौशल्य जाणणाऱ्यालाच मुलगी द्यावी. राजवाड्यात सुखात वाढलेल्या मुलाला काय येते? मग परीक्षा होते. लिपी, गणित, धनुर्विद्या, मल्लविद्या. गणिताचा परीक्षक अर्जुन नावाचा गणकमहामात्र. तो विचारतो, शंभर कोटींच्या पुढची गणना ठाऊक आहे काय? सिद्धार्थ शंभराच्या पटीत नावे सांगत जातो. शंभर कोटींचे एक अयुत, शंभर अयुतांचे एक नियुत, शंभर नियुतांचे एक कंकर, शंभर कंकरांचे एक विवर, शंभर विवरांचे एक अक्षोभ्य, आणि असे करत तेविसाव्या पायरीवर तल्लक्षण. कोटी म्हणजे एकावर सात शून्ये. प्रत्येक पायरीला दोन शून्ये वाढतात. म्हणून तल्लक्षण म्हणजे एकावर त्रेपन्न शून्ये.

हा प्रसंग इतिहास म्हणून घ्यावा काय? मुळीच नाही. ललितविस्तर चमत्कारांनी भरलेला आहे आणि त्याची रचना तथागतांच्या नंतर काही शतकांची आहे. जे विवेकाला व तर्काला धरून आहे तेच बुद्धवचन म्हणून स्वीकारता येईल, ही कसोटी बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आपल्याला दिली आहे. त्या कसोटीवर राजपुत्राची ही परीक्षा कथा ठरते. परंतु कथा रचणाऱ्याचे गणित हे खरेच कुणाचे तरी गणित आहे. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतल्या बौद्ध विहारांत संख्येविषयी काय विचार चालत होता, याचा तो अस्सल पुरावा आहे.

नावांची ही माळ संपल्यावर अर्जुन आणखी एक प्रश्न विचारतो. परमाणूच्या रजःकणापासून मोजायला लागले तर गणना कशी करावी? त्यावर येणारे उत्तर हाच आपला गुणाकार.

सात परमाणुरजांचा एक अणू. सात अणूंची एक त्रुटी. सात त्रुटींचे एक वातायनरज, म्हणजे खिडकीतून आलेल्या कवडशात तरंगणारा धुळीचा कण. सात वातायनरजांचे एक शशरज. सात शशरजांचे एक एडकरज. सात एडकरजांचे एक गोरज. ससा, मेंढा, गाय अशी ही धूळ वाढत जाते. (गोरज हा शब्द आपल्याकडे केवळ लग्नपत्रिकेतल्या मुहूर्तापुरता उरला आहे, एकेकाळी तो धुळीच्या कणाचे माप होता.) सात गोरजांची एक लिक्षा, म्हणजे लीख. सात लिक्षांची एक मोहरी. सात मोहऱ्यांचा एक जव. सात जवांचे एक अंगुलीपर्व.

इथपर्यंत दहा पायऱ्या झाल्या आणि प्रत्येक पायरी सातची. पुढे मात्र सात एकदम थांबतो. बारा अंगुलींची एक वितस्ती, म्हणजे आपली वीत. दोन वितींचा हात. चार हातांचे धनुष्य. हजार धनुष्यांचा एक क्रोश, म्हणजे कोस. चार कोसांचे एक योजन.

आता गुणाकार. सातचे घात क्रमाने लिहू : ७, ४९, ३४३, २,४०१, १६,८०७, १,१७,६४९, ८,२३,५४३, ५७,६४,८०१, ४,०३,५३,६०७ आणि दहावा २८,२४,७५,२४९. एकक स्थानाकडे पाहिले तर ७, ९, ३, १ हे चारच अंक फिरून फिरून येतात. म्हणून दहाव्या घाताच्या शेवटी ९ येणार हे गुणाकार न करताही सांगता येते. दहाला चाराने भागून बाकी दोन उरते आणि चक्रातील दुसरा अंक ९ आहे. एका अंगुलीत इतके परमाणू. एका योजनात अंगुली किती? १२ × २ × ४ × १००० × ४ = ३,८४,०००. या दोहोंचा गुणाकार म्हणजे आरंभी दिलेली संख्या.

तिचे एक वैशिष्ट्य भारतीय वाचकाच्या लगेच ध्यानात यावे. आपण संख्या लिहिताना हजारांनंतर दोन-दोन अंकांवर स्वल्पविराम देतो. पाश्चात्त्य पद्धतीत तीन-तीन अंकांवर देतात. ललितविस्तरातील नावेही कोटीनंतर शंभराच्या पटीत, म्हणजे दोन-दोन शून्यांनी वाढतात. परिणामी आपला प्रत्येक स्वल्पविराम त्या जुन्या नावावर नेमका पडतो. १०,८४,७०,४९,५६,१६,००० म्हणजे दहा कंकर, चौऱ्याऐंशी नियुत, सत्तर अयुत, एकोणपन्नास कोटी, छप्पन्न लक्ष, सोळा हजार. ‘कोटी कोटी’ असे अडखळत वाचण्यापेक्षा हे वाचन सुबक आहे.

आता संख्येच्या पोटात शिरू. कोणत्याही संख्येचे मूळ अवयव पाडता येतात आणि ते एकाच प्रकारे पडतात. क्रम बदलेल, अवयव बदलणार नाहीत. या सिद्धान्ताचा पाया युक्लिडच्या ग्रंथात आहे आणि त्याची काटेकोर मांडणी गाउसने १८०१ मध्ये केली. आपल्या संख्येचे अवयव पाडले तर २ दहा वेळा, ३ एकदा, ५ तीन वेळा आणि ७ दहा वेळा येतो. आणखी काही नाही. अकरा नाही, तेरा नाही, कोणतीही मोठी मूळ संख्या नाही. पंधरा अंकी संख्या सहजगत्या निवडली तर तिच्यात एखादा अवाढव्य मूळ अवयव असण्याचीच शक्यता फार. इथे सातच्या पुढे काही नाही. ही संख्या कुणीतरी पायरी पायरीने रचली आहे, हे तिच्या अवयवांवरूनच उघड होते.

या चार घातांकांवरून बरेच काही निघते. संख्येच्या शेवटी शून्ये तीनच का? दहा तयार व्हायला एक दोन आणि एक पाच लागतो. दोन दहा आहेत, पण पाच तीनच. विभाजक किती? प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार करावा : ११ × २ × ४ × ११ = ९६८. म्हणजे या संख्येला नऊशे अडुसष्ट संख्यांनी निःशेष भाग जातो. ती पूर्ण वर्ग आहे का? नाही, कारण ३ आणि ५ यांचे घातांक विषम आहेत. पण एक ३ आणि एक ५ बाजूला काढला की उरलेले सर्व घातांक सम होतात; म्हणून ही संख्या म्हणजे १५ गुणिले २६,८९,१२० चा वर्ग. शिवाय दोन दहा वेळा आणि सातही दहा वेळा, तेव्हा त्यांच्या जोड्या लावल्या की चौदाचा दहावा घात मिळतो, म्हणजे २,८९,२५,४६,५४,९७६. त्याला ३७५ ने गुणले की आपली संख्या. दोन्हीकडे दहाच यावेत हा निव्वळ योगायोग आहे. त्यात गूढ शोधू नये.

इतका लांब गुणाकार बरोबर झाला कशावरून? आपल्या शाळांतून ‘नऊचा ताळा’ पूर्वी हमखास शिकवत असत. आता तो मागे पडला आहे, हे मला चुकीचे वाटते. संख्येच्या अंकांची बेरीज करत करत एका अंकावर आणावी. नऊने भागल्यावर उरणारी बाकी ती देते. २८,२४,७५,२४९ च्या अंकांची बेरीज ४३, त्यावरून ७. ३,८४,००० ची १५, त्यावरून ६. सात सक बेचाळीस, त्यावरून ६. आता उत्तराच्या अंकांची बेरीज : ५१, त्यावरून ६. ताळा जुळला. पण या ताळ्यात एक उणीव आहे. दोन अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते, आणि नक्कल करणाऱ्याच्या हातून नेमकी हीच चूक अधिक होते. म्हणून अकराचाही ताळा घ्यावा. उजवीकडून एकाआड एक अंक घ्यायचे. विषम स्थानांच्या अंकांची बेरीज २६, सम स्थानांची २५, फरक १. म्हणजे अकराने भागल्यावर बाकी एक उरते.

हे एक अपेक्षितच होते. फ्रेंच गणिती फर्मा याने १६४० मध्ये एका पत्रात नियम कळवला होता : एखादी मूळ संख्या घ्या; तिने भाग न जाणाऱ्या कोणत्याही पूर्णांकाचा, त्या मूळ संख्येपेक्षा एकाने कमी इतका घात केला, तर त्या मूळ संख्येने भागल्यावर बाकी एकच उरते. अकरा मूळ संख्या आहे, म्हणून दहावा घात. आणि आपल्याकडे नेमका सातचा दहावा घात आहे. त्याची बाकी १. तिकडे ३,८४,००० ला अकराने भागले तरी बाकी १. एक एके एक. कवडशातल्या धुळीपासून निघालेला गुणाकार आणि सतराव्या शतकातले ते पत्र इथे एका भागाकारात भेटतात.

आता अवयवांकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहू. संख्येत २, ३ आणि ५ कुठून आले? बारा, दोन, चार, हजार, चार यांतून. म्हणजे वीत, हात, धनुष्य आणि कोस यांतून. ही सुताराची, विणकराची, रस्ता मोजणाऱ्याची मापे. ती माणसाच्या अंगावरून घेतलेली आहेत आणि अर्धे-पाव करायला सोयीची आहेत. या भागात सात एकदाही येत नाही. सातने कापड वाटून पाहावे म्हणजे का येत नाही ते कळेल. उलट अंगुलीच्या खाली सातखेरीज काही येत नाही. अंगुलीपर्व ही जणू शिवण आहे : वर कारागिराचे माप, खाली चिंतकाचे. दोघांचा गुणाकार होऊन पंधरा अंकांचा एकजीव आकडा झाला तरी मूळ अवयव पाडताच दोन्ही तुकडे पुन्हा अलग होतात.

खालच्या भागात सातच का? बौद्ध अभिधर्मात याचा उलगडा असा केला जातो : मध्ये एक परमाणू आणि त्याच्या सहा बाजूंना, म्हणजे चार दिशांना व वर-खाली, सहा परमाणू; असे सात मिळून पहिला समूह, तो अणू. म्हणजे सात हा दिशांवरून आलेला आहे. विशेष हे की याच कल्पनेवर बौद्ध आचार्यांनीच प्रश्न उभा केला. वसुबंधूने ‘विंशतिका’ या ग्रंथात विचारले : परमाणूला सहा बाजूंनी सहा परमाणू चिकटत असतील तर त्याला सहा भाग आहेत असे होईल, मग तो अविभाज्य कसा? आणि सहाही एकाच जागी मावत असतील तर सगळा पिंड एका परमाणूएवढाच राहील. मग ढीग वाढणार कसा? आपल्याच परंपरेतील मोजणीचा पाया असा उकरून पाहण्याची मुभा त्या विहारांत होती.

या ठिकाणी ग्रंथाविषयी एक अडचण सांगितली पाहिजे. ललितविस्तराच्या मुद्रित संस्कृत पाठात पायऱ्या स्पष्ट आहेत, परंतु शेवटी योजनातील परमाणूंची जी एकूण राशी शब्दांत दिली आहे ती गुणाकाराशी जुळत नाही. तिच्यात ‘अक्षोभ्य’ हे नाव येते. ग्रंथाच्याच क्रमाने अक्षोभ्य म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपला गुणाकार त्याच्या नऊशेव्या भागाइतकाही होत नाही. हस्तलिखितांच्या शतकानुशतकांच्या नकलांमध्ये हा आकडा बिघडला असावा. मग खरे काय मानायचे, ग्रंथात लिहिलेली बेरीज की ग्रंथातच सांगितलेली रीत? मला यात संदिग्धता वाटत नाही. रीत हाती असेल तर बेरीज पुन्हा करता येते. आरंभी मी दिलेला आकडा पोथीतला नाही; पोथीतल्या रीतीने काढलेला आहे, आणि तो वाचकानेही स्वतः काढून पाहावा. ग्रंथात आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, गुरूने सांगितले म्हणून मानू नका, हे कालामांना सांगणाऱ्या शास्त्याच्या अनुयायांनी त्याच्याच चरित्रग्रंथातली बेरीज तपासली तर त्यात अवज्ञा नाही. धम्माचे एक विशेषणच ‘एहिपस्सिक’ आहे, ये आणि पाहा असे सांगणारा.

आपल्या समाजाच्या दृष्टीने हा मुद्दा केवळ पोथीपुरता नाही. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला हिशेब येत नव्हता असे कुणी समजू नये. बाजारहाट, धान्याची मोजदाद, मजुरीचे दिवस हे सारे ते तोंडी आणि बिनचूक करीत. त्यांना नाकारली गेली ती गोष्ट वेगळी होती : दुसऱ्याने लिहिलेला आकडा उघडून तपासण्याचा अधिकार. सावकाराच्या वहीत मुद्दल किती, व्याज किती, व्याजावर व्याज कसे चढले, हे वाचता येत नसल्याने खालच्या ओळीतल्या बेरजेवर अंगठा उठवावा लागे. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा अक्षरशून्य शेतकऱ्याची कागदपत्रांतून होणारी लूट हाच त्यांच्या संतापाचा एक विषय होता. आणि त्यानंतर चाळीस वर्षांनी, १९२३ मध्ये, बाबासाहेबांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी इंग्रज सरकारच्या चलनव्यवहाराचे आकडे एकामागून एक उलगडून पाहिले आणि केन्ससारख्या ख्यातनाम अर्थशास्त्रज्ञाशी असलेला मतभेद पुराव्यानिशी मांडला. एकूण रकमेवर विश्वास ठेवण्याऐवजी ती कशी आली हे विचारण्याची ही सवय आहे. नऊचा ताळा करणारे पोर त्याच सवयीच्या पहिल्या इयत्तेत बसलेले असते.

म्हणूनच या संख्येविषयी अलीकडे ऐकू येणाऱ्या एका दाव्याची चिकित्सा करणे भाग आहे. अंगुली सुमारे दोन सेंटीमीटर धरली आणि तिला २८,२४,७५,२४९ ने भागले तर परमाणूचा आकार मिलिमीटरच्या सुमारे एक कोटी एक्केचाळीस लाखाव्या भागाइतका येतो. आजच्या विज्ञानाने ठरवलेला हायड्रोजनच्या अणूचा व्यास मिलिमीटरच्या साधारण एक कोटीव्या भागाइतका आहे. आकडे जवळचे दिसतात आणि व्यासपीठावरून सांगितले जाते की बौद्धांना अणूचे माप दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. टाळ्या पडतात. पण ‘वेदांत विमाने होती’ या विधानाला आपण हसतो तेव्हा जी कसोटी लावतो, तीच इथे लावली पाहिजे.

ती लावणे अवघड नाही. परमाणूपासून तिसरी पायरी वातायनरजाची. अंगुलीच्या तो ८,२३,५४३ वा भाग. दोन सेंटीमीटरला या संख्येने भागले तर मिलिमीटरचा सुमारे चाळीस हजारावा भाग येतो. दृश्य प्रकाशाची सर्वांत आखूड तरंगलांबीदेखील मिलिमीटरच्या अडीच हजाराव्या भागाजवळ असते. म्हणजे हा कण तिच्याही सोळाव्या भागाएवढा झाला. असा कण कवडशात डोळ्यांना दिसणे शक्य नाही. आणि वातायनरज म्हणजे तर खिडकीत दिसणारा कण! तेव्हा दिसणाऱ्या वस्तूच्याच पायरीवर शिडी चुकते. वरच्या पायऱ्यांवरही तसेच. सात मोहऱ्यांचा एक जव आणि सात जवांची अंगुली हे खरे मानले तर मोहरी मिलिमीटरच्या चार दशांशांएवढी निघते; स्वयंपाकघरातली मोहरी त्याच्या तिप्पट-चौपट मोठी असते. जवाची रुंदी तेवढी बऱ्यापैकी जुळते. याचा अर्थ, डोळ्यांनी आणि बोटांनी मोजलेली पायरी एकच. बाकी साऱ्या एका नियमाने आखलेल्या.

दुसरी कसोटी अधिक निर्णायक आहे. ही एकच शिडी नाही. वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’त पायऱ्या अकरा आहेत. त्यात धातूतून आणि पाण्यातून पार होणाऱ्या रजाची वेगळी पायरी आहे, मोहरीऐवजी ऊ आहे, आणि सातचा अकरावा घात होऊन अंगुलीत १,९७,७३,२६,७४३ परमाणू भरतात. पाली अट्ठकथांच्या परंपरेत आधी चार पायऱ्या छत्तीसच्या आणि मग तीन सातच्या, उत्तर ५७,६१,०८,२८८. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त आठच्या पाच पायऱ्या, अंगुलीत फक्त ३२,७६८ परमाणू. मापन करून काढलेली उत्तरे एकमेकांजवळ येत जातात. इथे बत्तीस हजार आणि एकशे सत्त्याण्णव कोटी! हे मोजमाप नाही. अतिशय सूक्ष्म गोष्टीपर्यंत विचार नियमाने उतरवता येतो, एवढेच यातून सिद्ध होते, आणि माझ्या मते ते कमी नाही. ग्रीक गणिती आर्किमिडीजने विश्व वाळूने भरायला किती कण लागतील याचा हिशेब केला. खसखशीच्या एका दाण्यात वाळूचे दहा हजार कण धरू, असे त्याने आधीच सांगून टाकले. गृहीतक उघड मांडून पुढचा गुणाकार चोख करायचा, ही पद्धत दोन्हीकडे सारखी आहे. तिचे मोल जाणायला अणूच्या व्यासाची खोटी पदवी चिकटवण्याची गरज नाही.

अभिधर्मकोशाचे योजन कसे होते तेही पाहण्यासारखे आहे. तिथे चोवीस अंगुलींचा हात, चार हातांचे धनुष्य, पाचशे धनुष्यांचा क्रोश आणि आठ क्रोशांचे योजन. कोस निम्मा झाला आणि कोसांची संख्या दुप्पट; गुणाकार पुन्हा ३,८४,०००. विभागणी बदलली, योजन तेवढेच राहिले. म्हणून त्याच्या योजनातील परमाणू आपल्या संख्येच्या नेमके सातपट, ७५,९२,९३,४६,९३,१२,०००, आणि विभाजक ९६८ ऐवजी १,०५६. हीच मापे सातव्या शतकात ह्युएन-त्संगने आपल्या प्रवासवर्णनात योजनापासून उतरत्या क्रमाने नोंदवली. चिनी वाचकाला भारतातील अंतरे कळावीत म्हणून त्याने आधी कोस, धनुष्य, हात, अंगुली सांगितली आणि मग थेट अविभाज्य रजापर्यंत उतरला. पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला हा भिक्षू रस्ते मोजताना ज्या योजनाचा उल्लेख करतो, त्याच्या तळाशी ही सातांची शिडी आहे.

आता नावे झाकून केवळ आकडे समोर ठेवले तरी परंपरा ओळखता येते. २८,२४,७५,२४९ च्या अंकांची बेरीज ४३. नऊने भागले तर बाकी ७. ५७,६१,०८,२८८ ची बेरीज ४५, बाकी शून्य. छत्तीसात दोन वेळा तीन असतो, चार पायऱ्यांचे मिळून आठ, म्हणून पाली परंपरेच्या संख्येला नऊने भाग जातोच. सातच्या घाताला तो कधीही जाणार नाही. ३२,७६८ ला सातने भागून पाहावे : बाकी १. आठला सातने भागले तर एक उरतो, म्हणून आठचा कितीही वरचा घात घेतला तरी एकच उरतो. कौटिल्याची अंगुली सातच्या कुळातली नाही, हे सांगायला एवढा भागाकार पुरतो.